मख्ख चेहऱ्यांचा रविवार

ह्या वर्षी चिठ्ठी जरा लवकर आली. सलग तीन दिवस बर्फ पडून गेलं होतं आणि कॅनडातल्या आमच्या व्हिटबीच्या गल्लीला फेब्रुवारीचा रंग चढला होता, म्हणजे कुठलाच नाही. रस्त्यावर टाकलेलं मीठ बुटांना चिकटून घरात येतं आणि चटईवर पांढरे डाग पाडतं. तासभर फावडं मारून ड्राइव्हवे मोकळा करावा, तर मागून शहराचा बर्फ ढकलणारा प्लाऊ येतो आणि दाराच्या तोंडाशी गुडघाभर ढेकळांचा बांध घालून जातो. तो बांध ओलांडून मी टपालपेटीपर्यंत गेले, तर आत विजेच्या बिलाच्या पाकिटामागे पेन्सिलीनं लिहिलेली एक ओळ होती. रविवारी दहा वाजता, हसू नये. खाली सही नाही. सही लागत नाही, कारण असलं आमंत्रण देणारी बाई आमच्या गल्लीत एकच आहे.

तिचं नाव आयनो. वय अठ्ठ्याहत्तर. फिनलंडमधून लग्न होऊन इथं आली त्याला पन्नासेक वर्षं झाली असतील. नवरा गेला, मुलगा पार व्हँकुव्हरला, आणि ही आमच्यापासून तिसऱ्या घरात एकटी राहते, स्वतःचं बर्फ स्वतः काढते आणि शेजारी मदतीला आले तर त्यांच्याकडे असं बघते की ते आपापली फावडी घेऊन परत जातात. बोलते फार कमी. आमच्याकडे अशा माणसाला घुम्या म्हणतात आणि त्याच्या आईवडिलांना त्याची काळजी वाटते. आयनोच्या देशात त्याला नुसतं माणूस म्हणत असावेत.

चिठ्ठी मी फ्रिजला लावली. अशा वेळी आत काहीतरी हललं असं लिहायची पद्धत आहे. माझ्या आत काही हललं नाही. गेलं वर्षभर हललेलं नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत नागपूरला माझी आई गेली. मला रडू आलं नाही. पहिल्या दिवशी नाही, दहाव्याला नाही, तेराव्याला नाही, आणि परवापर्यंत कधीच नाही. एखादीला रडू येत नाही, एवढंच असतं तर मी ते झाकून ठेवलं असतं. पण ह्या एका गोष्टीपायी माझा एकुलता एक भाऊ माझ्याशी धड बोलेनासा झाला. त्याचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण त्या सकाळी मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं.

सकाळचे साडेसहा वाजले होते. मी ड्राइव्हवेत उभी राहून लांब दांड्याच्या ब्रशनं गाडीच्या टपावरचं बर्फ पाडत होते. हातमोज्यातून फोन कानाला लावला. दादा म्हणाला, "नंदू, आई गेली. आत्ताच, दुपारी चार वाजता." आणि मी म्हणाले, "ओके. थँक यू फॉर लेटिंग मी नो."

सख्ख्या भावाला. इंग्रजीत. हे वाक्य मी ऑफिसात दिवसातून चार वेळा म्हणते. सर्व्हर बंद पडला, कुणी राजीनामा दिला, मीटिंग पुढं ढकलली, की माझ्या तोंडून ते आपोआप बाहेर पडतं. वीस वर्षं सॉफ्टवेअर तपासायचं काम केल्यावर वाईट बातमी ऐकायचा एक कप्पाच तयार होतो आणि तो आधी उघडतो. पलीकडे दादा "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. मी गाडीची राहिलेली बाजू साफ केली. अर्धी गाडी झाकलेली ठेवून निघता येत नाही ना. ऑफिसला गेले, दोन मीटिंगा केल्या. नवऱ्याला दुपारी मेसेज टाकला, तेव्हा तो घाईघाईनं मला न्यायला आला, आणि मी त्याला विचारलं, "तू का आलास? माझी गाडी आहे की."

मी नागपूरला गेले नाही. डिसेंबरात तीन आठवडे आईपाशी राहून आले होते, येऊन अकरा दिवस झाले होते, रजा उरली नव्हती. सगळे म्हणाले, नशीबवान आहेस, भेट झाली. मी हो म्हणाले. दादानं "येतेस का?" एवढंच विचारलं होतं. मी "बघते" म्हणाले आणि खरंच बघितलं, विमानं, थांबे, तास. दोन दिवस लागणार होते आणि तोवर थांबता येणार नव्हतं. पण दहाव्याला तर जाता आलं असतं. तेराव्याला तर नक्कीच. बिनपगारी रजा मागितली असती तर कुणी नाही म्हणालं नसतं. मी मागितलीच नाही. जाऊन तिथं सगळ्यांसमोर असाच कोरडा चेहरा घेऊन बसायचं, ह्याची मला भीती वाटली, हे आज लिहिते. दादाला हे कधी सांगितलं नाही.

अंत्ययात्रा मी फोनवर पाहिली. एका मावसभावानं व्हिडिओ लावून दिला होता. आधी छताचा पंखा दिसला, मग पायांची गर्दी, मग कुणाचा तरी कोपर आणि कोपराखाली पितळी तांब्या. तिथं चित्र गोठलं. आवाज येत होता, दादाचा एकदा आला, पण पडद्यावर कोपरच. मी चार-पाच मिनिटं त्या अनोळखी कोपराकडे बघत बसले. मुलगी रात्री झोपायला जाता जाता दारात थांबून म्हणाली, "आई, आर यू ओके?" मी म्हटलं, "डबा धुवायला टाकलास का?"

त्यानंतर दादाचे फोन बदलले. आधी फोनवर त्याच्या गप्पा संपता संपत नसत. कुलरची खस बदलली, संत्री ह्या वर्षी आंबट निघाली, सामनेवाल्यांनी मधली भिंत चार इंच पुढं घेतली, आई आता चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते. आता "हो", "ठीक", "चाललंय". मी विचारायची, "दादा, तू कसा आहेस?" तो म्हणायचा, "इथं गरमी वाढून राहिली." भाऊ-बहीण हवामानावर आले.

इकडे गावातल्या मराठी बायका मला रडवायला आल्या. ह्यात काही वाईट नाही, आपली रीतच आहे. माणूस गेलं आणि घरातली बाई रडली नाही, तर चार जणी येऊन तिला मोकळी करतात, नाहीतर दुःख छातीत बसतं म्हणतात. मंडळाच्या शोभाताई पुढं, मागे चौघी, हातात पिठलं-भाताचे डबे, अंगावर टोपीचे जाडजूड पार्का आणि पार्क्याखाली साड्या. दारातल्या चटईवर बुटांचा ढीग झाला. शोभाताई माझ्याजवळ सोफ्यावर बसल्या, पाठीवर हात ठेवला आणि एकेक प्रश्न विचारायला लागल्या. आईच्या हातचं काय आवडायचं गं? शेवटचं काय बोलली? डिसेंबरात निघताना दारात उभी होती का? मी प्रामाणिकपणे उत्तरं देत गेले. पातळभाजी. स्वेटर नीट घाल. हो, फाटकापर्यंत आली होती. पाचव्या प्रश्नाला समोरच्या दोघी हुंदके द्यायला लागल्या. एकीला तिची सासू आठवली. मी उठून टिश्यूचा डबा आणला, सगळ्यांना दिला, आणि चहा टाकला.

निघताना शोभाताई बूट चढवत माझ्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "लक्ष ठेवा हो. दगड झालीये नुसती." माझ्यापर्यंत ऐकू आलं. वाईट वाटलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर महिनाभर दर गुरुवारी त्यांचा फोन यायचा. "रडलीस का गं? नाही? बरं, बरं." पोट साफ झालं का असं विचारावं, त्या सुरात. बाई मनाची चांगली आहे, कुणाच्याही अडीनडीला आधी हजर. पण तिचा नंबर दिसला की मी फोन उलटा ठेवायला लागले.

त्या पाच साड्या बर्फातून येताना आयनोनं खिडकीतून पाहिल्या असाव्यात. दुसऱ्या दिवशी ती दारात उभी. "काय झालं?" मी म्हटलं, आई वारली. तिनं मान हलवली. सॉरी म्हणाली नाही, मिठी मारली नाही, आत आली नाही. उणे सोळात आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो आणि घरातली ऊब बाहेर जात राहिली. मग तिनं विचारलं, "रविवारी सकाळी दहाला काय करतेस?"

रविवारी सकाळी दहाला मी आईला फोन करायची. तिकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले असत. "काही नाही," मी म्हणाले.

अशी मी त्या तळघरात गेले. फिक्या लाकडाच्या फळ्यांच्या भिंती, एका कोपऱ्यात सौनाची, म्हणजे वाफ घ्यायची खोली, खाली मोज्यांतले अठरा पाय. आयनो धरून नऊ जण, सगळे सत्तरीच्या पुढचे, सगळे मूळचे फिनलंडचे, ओशावा आणि आसपासच्या गावांतून गाड्या चालवत आलेले. कुणी कुणाला "हॅलो"सुद्धा म्हणालं नाही. मला एक लाकडी स्टूल मिळालं. नियम आयनोनं तिच्या तुटक इंग्रजीत सांगितले. आम्ही दर वर्षी हिवाळा नकोसा झाला की हा सिनेमा बघतो. हसायचं नाही. जो हसेल त्यानं उठून वर जायचं. पहिला हसणारा कॉफी करतो, दुसरा पाव कापतो, बाकीच्यांनी नुसतं बसायचं. शेवटी जो खाली उरेल तो जिंकला. बक्षीस काय, असं मी विचारलं. पुढच्या वर्षी ती खुर्ची, असं म्हणून तिनं टीव्हीसमोरची एकमेव गादीची खुर्ची दाखवली.

सिनेमाचं नाव मी सांगत नाही. त्यात एकेक अक्षर दोनदोनदा येतं आणि मला ते अजून नीट म्हणता येत नाही. त्यांच्याकडे तो लागला तेव्हा म्हणे आठवड्यात उतरला. माणसं वैतागून बाहेर पडली. मग काही वर्षांनी कॉलेजातल्या पोरांना तो सापडला आणि आता तिकडे घराघरांत त्यातली वाक्यं लोक भांडी घासताना म्हणतात. सिनेमाला गोष्ट नाही म्हटलं तरी चालेल. एका गोठलेल्या तळ्याकाठचं गाव. एक माणूस ढकलगाडीवर कपाट घेऊन येतो आणि प्रत्येक दारात विचारतो, हे इथं ठेवू का? कुणी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, सगळे विचार करतात. तो सिनेमाभर कपाट घेऊन फिरतो. मध्येच कपाटातून खोकल्याचा आवाज येतो. कुणी उघडून बघत नाही. ग्रामसभा भरते आणि अजून न झालेल्या सभेचं इतिवृत्त एकमतानं मंजूर करते. दोन भाऊ मोहऱ्यांशिवाय बुद्धिबळ खेळतात, आणि दहा मिनिटांनी एक म्हणतो, थांब, मला वेळ हवा. सगळ्यांचे चेहरे मख्ख. ढिम्म. कॅमेरासुद्धा हलत नाही.

माझ्या आजूबाजूला लोक पडायला लागले. आधी एक दणकट म्हातारे गृहस्थ, ज्यांना मी सगळ्यांत कठीण समजत होते, त्यांच्या पोटातून गुडगुड आली आणि ते तोंडावर हात धरून जिना चढले. मग एक बाई. मग तिची बहीण, बहीण उठली म्हणून. प्रत्येक जण वर गेला की वरून हसू ऐकू यायचं, मनसोक्त, डोळ्यांत पाणी येईपर्यंतचं. कॉफीचा वास आला. वेलदोड्याचाही आला, कारण त्यांच्या पावात वेलदोडा असतो. खुर्च्या रिकाम्या होत गेल्या. पाऊण तासानं आयनोसुद्धा गेली, कपाटवाल्याच्या एका नमस्कारावर.

मी बसून राहिले. सिनेमा कळत होता. खाली इंग्रजी अक्षरं येत होती, ती मी वाचत होते. गंमत कुठं आहे तेही समजत होतं, चूक कुठं आहे हे ऑफिसात समजतं तसं. हसू येत नव्हतं आणि ते दाबायलाही लागत नव्हतं. शिवाय त्या गावात मला बरं वाटत होतं. तिथं कुणी कुणाला मोकळं हो म्हणत नव्हतं. स्पर्धा संपली हे मला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी तो सिनेमा अगदी शेवटच्या नावापर्यंत, रिकाम्या तळघरात एकटीनं पाहिला. वर नऊ माणसं टेबलाभोवती बसून एकमेकांच्या पाठीत थापा मारत होती. मी वर गेले तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. दणकट गृहस्थ म्हणाले, "चाळीस वर्षांत असं कुणी पाहिलं नाही. तुम्ही नक्की इंडियाच्याच?"

आयनोनं मला पाव वाढला. "फार छान बसलीस," ती म्हणाली. मग बशीकडे बघत म्हणाली, "मी एकदाच जिंकले."

"कधी?"

"बहीण गेली त्या वर्षी." आणि लोण्याची वाटी माझ्याकडे सरकवली.

आता लिहिताना वाटतं, त्या टेबलावर तिनं मला सगळं सांगून टाकलं होतं. पण मी तेव्हा लोणी लावलं आणि पाव खाल्ला. पाव चांगला होता.

मग ते वर्ष गेलं. वर्ष कसं गेलं असं कुणी विचारलं तर मला खरंच सांगता येणार नाही. विंटर टायर काढले, विंटर टायर लावले. उन्हाळ्यात सगळ्यांबरोबर तळ्यावर गेले, कणसं भाजली, फोटोंत मी हसतेय. बँकेला फोन केला तर पलीकडच्या मुलानं ओळख पटवायला विचारलं, आईचं माहेरचं आडनाव? मी स्पेलिंग करून सांगितलं. तो म्हणाला, "परफेक्ट." मंडळाच्या गणपतीत शोभाताईंनी मला आरतीच्या वेळी बारकाईनं पाहिलं. रविवारी दहा वाजता मी कपाटं आवरायला लागले, आणि आमच्या घरातली कपाटं आता इतकी आवरलेली आहेत की नवऱ्याला त्याचे मोजे सापडत नाहीत.

तो बिचारा वाट बघत होता. एकदा जेवताना म्हणाला, "नंदा, तू ओरड तरी माझ्यावर." मी विचारलं, कशाबद्दल. त्यानं बराच विचार केला आणि त्याला काही सुचेना. मी त्याला आणखी एक पोळी वाढली.

ह्या जानेवारीत वर्षश्राद्ध झालं. दादाचा मेसेज आला, फक्त वार आणि वेळ. ये असं नाही, येतेस का असं नाही. मी पाच ओळी लिहिल्या. दादा, त्या दिवशी मी जे बोलले, अशी सुरुवात केली आणि पुढं मला स्वतःचंच वाक्य इतकं परकं वाटलं की सगळं पुसलं. मग हात जोडल्याचं चित्र पाठवलं. आपल्याच आईच्या श्राद्धाला, एखाद्या लांबच्या ओळखीच्या माणसानं पाठवावं तसं. खाली दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं की आई तर गेलीच आहे, पण मी असंच ढिम्म राहिले तर दादाही जाईल, आणि तो जिवंतपणीच जाईल. हे कळलं, पण कळून काय उपयोग. कळणं मला कधीच अवघड नव्हतं.

तर रविवारी दहा वाजता मी आयनोकडे गेले. गेल्या वर्षीपेक्षा एक माणूस कमी होतं. दणकट गृहस्थ आले नव्हते. कुणी त्यांच्याबद्दल बोललं नाही, त्यांचं स्टूल मात्र भिंतीशी ठेवलं होतं. मला गादीच्या खुर्चीत बसवलं. जिंकणारी म्हणून दोन म्हाताऱ्या माझ्याकडे जरा असूयेनं बघत होत्या. दिवा मालवला, सिनेमा सुरू झाला. तेच गाव, तेच तळं, आणि पहिली पंधरा मिनिटं तीच मी.

त्यात एक प्रसंग आहे, भोकांचा. गावातली एक बाई गोठलेल्या तळ्यात मासे धरायला भोकं पाडते आणि ती भोकं विकते. एका सकाळी बघते तर एक भोक चोरीला गेलंय. जिथं होतं तिथं सपाट बर्फ. ती पोलिसाकडे जाते. पोलीस फॉर्म काढतो, पेन्सिलीला टोक करतो, त्यात दोन मिनिटं जातात. मग विचारतो.

आकार?

गोल.

रंग?

बाई विचार करते. आतून काळा.

खोली?

माहीत नाही. मी तळाला गेले नाही.

काही ओळखीची खूण?

माझं होतं.

पोलीस ते सगळं लिहून घेतो. फॉर्म उलटतो. मागच्या बाजूला आणखी एक रकाना असतो. तो, चेहऱ्यावरची रेषाही न हलवता, वाचून विचारतो: आज जेवलात का?

गेल्या वर्षी ही ओळ माझ्यासमोरून गेली होती. मी वाचली होती आणि पुढची वाचली होती. ह्या वर्षी ती वाचली आणि मला माझी आई ऐकू आली. कारण जगात काहीही घडो, माझी आई शेवटी हेच विचारायची. एका डिसेंबरात माझी गाडी हायवेवर घसरून खड्ड्यात गेली, ती ओढून काढायला टो ट्रक येईपर्यंत तीन तास मी काळोखात बसले. फोनवर सांगितलं तर आईनं आधी देवाचं नाव घेतलं, गाडीला शिव्या दिल्या, कॅनडाला शिव्या दिल्या, आणि मग म्हणाली, "मग जेवली कुठं तू?" मला नागरिकत्व मिळालं, जजसमोर हात वर करून शपथ घेतली, हे सांगितलं. "हो का? मग जेवू गिवू घातलं का त्यांनी?" तिच्या हातात आपल्याला घडलेलं सगळं द्यावं आणि तिनं ते बाजूला ठेवून ताट मांडावं, असा तो प्रकार होता. मला लग्नाआधी त्याचा संताप यायचा.

पडद्यावरची बाई म्हणाली, नाही. पोलिसानं लिहिलं, नाही. आणि शिक्का मारला.

माझ्या नाकातून एक आवाज निघाला. मी तोंड दाबलं, तर तो कानांतून निघेल असं वाटायला लागलं. खांदे हलायला लागले. गादीची खुर्ची कुरकुरली. मी हसत होते, पोट धरून, आवाज न करता, आणि मला थांबता येत नव्हतं. सात मख्ख चेहरे पडद्याकडेच वळलेले राहिले. फक्त आयनोनं, माझ्याकडे न बघता, एक बोट वर करून जिना दाखवला. मी पहिली बाद झाले होते.

वर स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. मी किटलीत पाणी भरलं, नऊ जणांच्या मानानं कॉफी मोजली, तीनदा चुकले आणि तीनदा परत डब्यात ओतली. हसू ओसरत नव्हतं. हे आईला सांगायलाच हवं, असं मला वाटलं. तुझा पोलीस सापडला म्हणावं, फिनलंडमध्ये. बहुतेक रागावेल, मग पदरात तोंड धरून हसेल, मग विचारेल, त्या बाईनं मग जेवण केलं की नाही. मी पिशवीतून फोन काढला आणि तिचं नाव शोधलं. ते अजून होतं, मी काढलेलं नव्हतं. बोट त्याच्यावर नेलं.

तेव्हा कळलं. वर्षभर माहीत असलेली गोष्ट त्या परक्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कळली. गॅसवर पाणी उकळायला लागलं होतं आणि मी ओट्याला पाठ लावून खाली फरशीवर बसले.

आईच्या नावावरून बोट काढलं आणि मी दादाला फोन लावला. पलीकडे टीव्ही चालू होता, बातम्या.

"काय झालं गं?" दादा घाबरून म्हणाला. "सगळं ठीक आहे ना तिकडे?"

त्याला नुसते माझे हुंदके ऐकू गेले असणार.

"नंदू? बोल ना. काय झालं?"

"दादा," मी म्हणाले, "आई गेली रे."

ज्यानं तिला अग्नी दिला त्याला मी हे सांगत होते. तो म्हणू शकला असता की वर्ष झालं. म्हणू शकला असता, थँक यू फॉर लेटिंग मी नो. मी ओक्साबोक्शी रडत होते, तोंडावर हात ठेवून, खाली सिनेमा चालू होता म्हणून, आणि पलीकडे बातम्या बंद झाल्या. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दादाचा श्वास ऐकू येत होता, तुटत तुटत.

"हो ना, नंदू," तो म्हणाला. "गेली ना." पुढचं बोलला तेव्हा त्याचा आवाज लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचा तसा झाला होता. "मला तर वाटून राहिलं होतं, ती माझी एकट्याचीच आई होती."